दोन गाड्या, एक चालक

आपल्याकडे एका गाडीमागे दुसरी गाडी बांधलेली दिसली की बघणाऱ्याला एकच गोष्ट कळते: मागची बंद पडली आहे. नायलॉनचा दोर, त्याला मध्यावर बांधलेलं लाल फडकं आणि मागच्या गाडीत स्टिअरिंग घट्ट धरून पुढच्याच्या ब्रेकच्या दिव्यांकडे डोळे लावून बसलेला कुणीतरी बिचारा. याला टोचन म्हणतात आणि ते हौसेनं कुणी करत नाही. कायद्याचंही म्हणणं हेच होतं. १९८९ च्या रस्ता नियमांत ओढण्याची परवानगी होती ती नादुरुस्त किंवा अर्धवट बांधणीच्या वाहनाला, नोंदणी झालेल्या ट्रेलरला आणि साइडकारला. दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, मागे ‘ऑन टो’ अशी पाटी हवी, तिची अक्षरं किमान ७५ मिलिमीटर उंच हवीत आणि वेग ताशी २४ किलोमीटरच्या आत हवा. ठणठणीत गाडी दुसरीला जोडायची, आत कुणीही बसवायचं नाही आणि ताशी शंभर किलोमीटरनं शेकडो मैल न्यायची, हे या नियम लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही नसावं.

अमेरिकेत हे रोज चालतं. थंडी पडू लागली की उत्तरेकडची निवृत्त जोडपी मोटरहोम घेऊन फ्लोरिडा-ॲरिझोनाकडे निघतात. त्या बसएवढ्या घरामागे त्यांची नेहमीची मोटार आपल्या चारही चाकांवर धावत येते. मुक्कामी पोहोचलं की घराला पाणी आणि वीज जोडायची आणि भाजी आणायला छोटी मोटार सोडवायची. ती जोडायची कशानं हे ठरवायला बसलं की दुकानदार लांबलचक यादी पुढे करतो: टो बार म्हणजे ओढायचा दांडा, गाडीच्या पोटाशी बसवायचं ब्रॅकेट, वेगळी ब्रेक यंत्रणा, दिव्यांच्या वायरी, तुटल्यास ब्रेक लावणारा खटका; नाहीतर मोटारीची पुढची चाकं चढवायची दोन चाकांची डॉली; नाहीतर अख्खा ट्रेलर. या यादीतली जवळजवळ प्रत्येक वस्तू म्हणजे मोटार कंपन्यांनी भलत्याच कारणासाठी केलेल्या एखाद्या बदलाला दिलेलं उत्तर आहे. म्हणून यादी कळायची तर ती जमली कशी ते आधी पाहायला हवं.

सुरुवात मौजेत झाली नाही, व्यापारात झाली. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेत वापरलेल्या मोटारी स्वस्तात मिळत आणि कॅलिफोर्नियात त्यांना चांगला भाव येई. मग व्यापारी तिकडे गाड्या घेत आणि तांडा करून रस्त्यानं आणत. प्रत्येक गाडीला एक चालक परवडत नसे. म्हणून दोन-दोन गाड्या टो बारनं जोडायच्या आणि एकाच माणसानं पुढची चालवत दोन्ही हाकायच्या. चालक बहुधा त्या एका खेपेपुरते घेतलेले असत, पगार यथातथा. न्यू मेक्सिकोच्या डोंगरातून असा तांडा निघाला की मागे अडकलेल्यांची काय गत होत असेल याची कल्पना करावी. ब्रेक पुढच्या गाडीचेच आणि वजन दोघींचं. ओल्या रस्त्यावर जोडी घसरे, वळणावर मागची बाजूच्या गाडीला घासे.

राज्यांनी या तांड्यांवर परवाना शुल्क बसवलं आणि व्यापारी न्यायालयात गेले. मजा अशी, की टो बारच्या इतिहासातला हा सर्वांत जुना नीट नोंदलेला काळ आपल्याला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत सापडतो, कुठल्या यंत्रांच्या पुस्तकात नाही. १९३६ च्या ‘मॉर्फ विरुद्ध बिंगमन’ खटल्यात न्यायालयानं न्यू मेक्सिकोचं शुल्क उचलून धरलं. जोडगाड्यांची वाहतूक रस्त्याला आणि इतरांना जास्त तापदायक आहे असं राज्याला वाटलं तर त्यात वावगं काही नाही, असा त्या निकालाचा सूर. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाचं दर गाडीमागे १५ डॉलरचं शुल्क मात्र न्यायालयानं रद्द केलं, कारण देखरेखीच्या खर्चापेक्षा ते फार जास्त होतं. कॅलिफोर्नियानं लगोलग नवा कायदा केला. त्यात साडेसात डॉलर पोलिसी देखरेखीसाठी आणि साडेसात रस्ता वापरण्यासाठी. बेरीज पुन्हा १५. आणि १९३९ मध्ये न्यायालयानं हे मान्य केलं! सरकारी कारकुनाची अक्कल कुठल्याही देशात सारखीच चालते.

या तांड्यांचे वंशज आजही आहेत. कारखान्यातून निघालेले नवे ट्रक एकाच्या पाठीवर दुसऱ्याची पुढची चाकं चढवून, असे तीन-चार एकामागोमाग, अमेरिकी हमरस्त्यावरून जाताना दिसतात. अशा वाहतुकीचे संघराज्याचे नियम आहेत आणि त्यांत टो बारवरही कलमं आहेत. मागची गाडी पुढचीच्याच वाटेवरून आली पाहिजे, डावी-उजवीकडे डोलता कामा नये, ही त्यांतली मूळ अट. ओढण्याच्या सगळ्या साधनांची परीक्षा शेवटी या एका वाक्यात आहे.

तांड्यांच्याच, १९३० च्या दशकात टो बारला एक गमतीदार पाहुणा मिळाला. हार्ले-डेव्हिडसननं १९३२ च्या सुमारास ‘सर्व्ही-कार’ नावाची तीनचाकी बाजारात आणली. पुढून मोटरसायकल, मागे दोन चाकं आणि त्यांवर पेटी. ही गॅरेजवाल्यांसाठी होती. दुरुस्त झालेली मोटार गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचवायची तर पूर्वी दोन माणसं लागत: एक मोटार चालवायला, दुसरा पहिल्याला परत आणायला. सर्व्ही-कारच्या पुढच्या भागाला टो बार असे. मेकॅनिक तो मोटारीच्या मागच्या बंपरला अडकवी, मोटार चालवत गिऱ्हाइकाकडे जाई, किल्ली देई आणि तीनचाकी सोडवून तिच्यावरून परत येई. मोटार आणायची असेल तर उलटा क्रम. एका माणसाचा पगार वाचला. पुढे ही तीनचाकी पोलिसांनी पार्किंगवाल्यांना दंड करण्यासाठी उचलली आणि तिचं उत्पादन थेट १९७३ पर्यंत चाललं. मला ती या सगळ्या गोष्टीतली सर्वांत हुशार वस्तू वाटते, कारण मुक्कामी हाताशी असावं म्हणून छोटं वाहन मोठ्यामागे ओढत न्यायचं ही मोटरहोमवाल्यांची कल्पना तिच्यात आधीच पुरी झाली होती.

आजारी गाड्या ओढण्याची शाखा निराळी आणि तिचा मूळपुरुष माहीत आहे. टेनेसीतल्या चॅटनूगा गावचा गॅरेजवाला अर्नेस्ट होम्स. १९१६ मध्ये ओढ्यात उलटलेली एक फोर्ड मॉडेल टी दोर-ठोकळे लावून बाहेर काढताना त्याचा आणि मदतनिसांचा अख्खा दिवस गेला. त्यानंतर त्यानं १९१३ च्या कॅडिलॅकवर तीन खांब, कप्पी आणि साखळी बसवून पहिली टोइंगची गाडी केली. आपल्या शहरांत चुकीच्या जागी लावलेल्या मोटारीची पुढची चाकं उचलून नेणारी व्हॅन याच घराण्यातली. या शाखेबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे, चॅटनूगात तिचं संग्रहालयही आहे. आपण निरोगी गाडीकडे वळू.

जोड कशी असावी हा प्रश्न मोटारीपेक्षा जुना. ऊस हंगामात सांगली-कोल्हापूरकडे ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या निघतात. तिथे लोखंडी कडी आणि वरून खाली घातलेली पिन असते. तोफगाड्यांचीही तऱ्हा तीच, कडी आणि हुक. ही जोड भक्कम, पण तिच्यात ढिलाई असते. खड्डा आला की खडखडाट, ब्रेक लावला की मागून धक्का. सावकाश जाणाऱ्या ट्रॅक्टरला त्यानं फरक पडत नाही, पण वेगानं जाणाऱ्या मोटारीला पडतो. जर्मनीत वीडनब्रुकच्या वेस्टफालिया कारखान्यात १९३० च्या दशकात फ्रान्झ क्नोबेल यांनी गोळा आणि त्यावर बसणारी वाटी अशी जोड घडवली. गोळ्यावर वाटी वर-खाली, डावी-उजवीकडे, थोडी तिरपीही फिरते आणि तरी सैल नसते. युरोपात तो गोळा ५० मिलिमीटरचा ठरला. अमेरिकेत तीन मापं चालतात: पावणेदोन इंचाला सुतभर जास्त, म्हणजे एक सात-अष्टमांश, दोन इंच, आणि दोन पाच-षोडशांश. दोन इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर. तो पाऊण मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण युरोपी गोळा अमेरिकी वाटीत सैल बसतो आणि अमेरिकी गोळा युरोपी वाटीत नीट बसत नाही. बाहेरून आणलेल्या ट्रेलरच्या मालकांना हे एखाद्या उंचवट्यावर कळतं.

तोवर अमेरिकेत मोटारीमागे घर ओढण्याची लाट आली होती. तंबू आणि ट्रेलर घेऊन हिंडणाऱ्यांनी १९१९ मध्येच टँपात ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ नावाचा संघ काढला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५ मध्ये, लिओनार्ड आणि ॲना मेरी शोएन या दांपत्यानं वॉशिंग्टन राज्यातून यू-हॉलचे भाड्याचे ट्रेलर सुरू केले. गिऱ्हाइकाच्या गाडीला हुक नसायचाच, म्हणून ट्रेलरबरोबर बंपरला आवळून बसवायची पकडही भाड्यानं मिळे. बंपर तेव्हा पोलादी पट्टीचे आणि थेट सांगाड्याला बोल्टनं जखडलेले असत, त्यांच्यावर असा विश्वास टाकता येई. अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या कितीतरी मराठी मुलामुलींची पहिली घरबदली याच कंपनीच्या ट्रकनं झाली आहे. एका राज्यातून दुसऱ्यात जाताना मागे डॉलीवर आपली जुनी टोयोटा चढवायची आणि ट्रक मागे घ्यायची वेळ येऊ नये अशी जागा पेट्रोल पंपावर शोधत राहायचं. डॉली लावून मागे घेता येत नाही, हे कंपनी सांगते आणि एकदा तरी प्रत्येक जण विसरतो.

१९६० च्या दशकात क्रम उलटला. आधी मोटार पुढे आणि घर मागे होतं; आता घर पुढे गेलं आणि मोटार मागे आली. मिशिगनच्या रे फ्रँक यांनी डॉजच्या चॅसीवर घर बांधून १९६१ पासून ते विकायला सुरुवात केली. १९६६ मध्ये आयोवातल्या फॉरेस्ट सिटीच्या विनेबेगो कंपनीनं मोटरहोमचं उत्पादन सुरू केलं आणि किंमत मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली. घर घेऊन पोहोचलेल्यांना दुसऱ्याच दिवशी कळे की दुधाच्या पिशवीसाठी अख्खं घर हलवणं परवडत नाही. मागे लावायला तेव्हा एक आदर्श गाडी तयारच होती: फोक्सवॅगन बीटल. वजन साधारण ८०० किलो, गिअर हातानं बदलायचे, इंजिन मागे आणि पुढच्या आसाला दोन जाड आडव्या नळ्या. त्या नळीला टो बारची पकड आवळली की झालं.

मागच्या गाडीत कुणी नसताना तिची चाकं वळतात कशी? चाकांच्या खुर्चीला जी सवय असते तीच मोटारीच्या पुढच्या चाकांना जन्मतः दिलेली असते: वळणाचा कणा किंचित मागे कललेला, त्यामुळे चाक जमिनीला टेकतं ती जागा कण्याच्या रोखापेक्षा मागे राहते आणि जिकडे ओढावं तिकडे चाक आपोआप वळतं. म्हणून पुढे जाताना मागची गाडी शहाण्यासारखी वळते. मागे ढकलली की हीच युक्ती अंगाशी येते. चाकं एका बाजूला पूर्ण वळतात, टायर घासतात आणि टो बार वाकतो. मोटरहोमवाला चुकून अरुंद गल्लीत शिरला तर उतरून मोटार सोडवणं एवढाच मार्ग.

ही सोय चालायची तर स्टिअरिंग मोकळं हवं. १९६९ च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सनं किल्लीचं कुलूप स्टिअरिंगच्या खांबावर नेलं आणि किल्ली काढली की स्टिअरिंगही जखडू लागलं. १ जानेवारी १९७० पासून चोरीविरोधी कुलुपाचं मानक सगळ्यांना लागू झालं. चोरासाठी केलेली व्यवस्था ओढणाऱ्याला नडली. आता किल्ली आतच ठेवून ‘ॲक्सेसरी’वर फिरवून ठेवावी लागे, म्हणजे दिवसभर बॅटरीतून थोडी थोडी वीज जाई. संध्याकाळी मुक्कामी मोटार सोडवली तर सुरूच होत नसे. बॅटरीला वाटेत वीज पुरवणारी वायर आणि ठरावीक फ्यूज बंद करणारा खटका, दोन्ही इथून आले.

बंपरचंही तेच. १९७३ च्या मॉडेलपासून ताशी पाच मैलांच्या टकरीत नुकसान होऊ नये असा नियम आला. बंपर धक्का सोसणाऱ्या नळकांड्यांवर गेले, पुढे फोम आणि प्लास्टिकचं आवरण झाले. शिवाय बहुतेक मोटारींखालचा वेगळा सांगाडाच गेला, पत्र्याची काया हाच सांगाडा ठरला. पकड आवळायला जागा उरली नाही. मग आवरणामागे शिरून गाडीच्या मजबूत भागाला बोल्टनं बसवायचं ब्रॅकेट निघालं, आणि ते प्रत्येक मॉडेलला, कधी कधी प्रत्येक वर्षाच्या मॉडेलला, वेगळं. नेब्रास्कातली ब्लू ऑक्स, वॉशिंग्टनमधली रोडमास्टर, आयोवातली डेम्को या कंपन्यांचा मोठा धंदा या ब्रॅकेटांवर उभा आहे. टो बार खुद्द सुधारला तो सोयीसाठी. जुना इंग्रजी ‘ए’च्या आकाराचा कडक बार जोडायचा तर मोटार तंतोतंत गोळ्यासमोर आणावी लागे, एक जण चालवतोय, दुसरा हातवारे करतोय, आणि बरेच संसार तिथे पणाला लागले असतील. नव्या बारचे दोन्ही हात लांबतात-आखडतात. मोटार अंदाजे उभी करायची, पिना घालायच्या आणि हळूच पुढे निघायचं. हात ताणले की आपोआप अडकतात. हा बार मोटरहोमच्या मागेच दुमडून राहतो.

सगळ्यांत खोल बदल गिअरबॉक्सनं केला. ओल्ड्समोबिलनं १९३९ मध्ये १९४० च्या मॉडेलसाठी हायड्रामॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला आणि हळूहळू अमेरिकेनं क्लचला रामराम ठोकला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल फिरवतो तो पंप इंजिनावर चालतो. जुन्या ऑटोमॅटिकमध्ये मागच्या बाजूला दुसराही पंप असे, चाकांकडून फिरणारा. त्यामुळे धक्का मारून गाडी सुरू करता येई आणि ओढतानाही तेल फिरत राही. १९६० च्या दशकाच्या मध्याला कंपन्यांनी खर्च वाचवायला तो मागचा पंप काढून टाकला. कुणी तक्रार केली नाही, कारण धक्का मारायची वेळ क्वचित येई. पण इंजिन बंद ठेवून अशी गाडी ओढली की चाकांनी फिरवलेले भाग कोरडे फिरतात आणि काही मैलांत गिअरबॉक्स जळतो. यावर दुकानात दोन तोडगे मिळू लागले: विजेवर चालणारा तेलाचा जादा पंप, नाहीतर चालकाच्या जागेवरून केबल ओढून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा सोडवायची जोड.

१९८० च्या आसपास पेट्रोल वाचवायला मोटारी लहान झाल्या आणि पुढच्या चाकांवर चालू लागल्या. इथे डॉली उपयोगी पडली: इंजिनाला जोडलेली पुढची चाकं उचलायची, मागची नुसती फिरू द्यायची. ब्रॅकेट नको, गिअरबॉक्सची चिंता नको, मॉडेल बदललं तरी डॉली तीच. मग सगळे तीच का घेत नाहीत? कारण मुक्कामी ती ठेवायला जागा लागते आणि पावसात चिखलात वाकून चाकांचे पट्टे आवळावे लागतात. दर आठवड्याला मुक्काम हलवणाऱ्या साठीच्या गृहस्थाला तिचा लवकर कंटाळा येतो. वर्षातून एकदा घर बदलणाऱ्या विद्यार्थ्याला तीच बरी. ट्रेलरवर कुठलीही गाडी चढते, पण भाड्यानं मिळणाऱ्या मोटार-ट्रेलरचंच वजन हजार किलोच्या घरात असतं आणि ते मोटारीच्या वजनावर वाढतं. घराच्या इंजिनाला ओढण्याची मर्यादा असते. ती गोळ्यावर, हुकावर आणि चॅसीवर वेगवेगळी लिहिलेली असते आणि त्यांतली सर्वांत लहान संख्या खरी.

चारही चाकांवर ओढायला ज्या मोटारी चालतात त्यांची यादी म्हणूनच चमत्कारिक दिसते. जीप रँग्लर तिच्यात कायम वरती. लष्करी जीपपासून तिच्यात गिअरबॉक्सनंतर आणखी एक पेटी असते, ती न्यूट्रलला टाकली की चाकं एकीकडे आणि गिअरबॉक्स दुसरीकडे. ओढली जाताना तिचा गिअर चक्क ‘पार्क’वर असतो. होंडाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स इतरांपेक्षा वेगळ्या रचनेचा, हातानं बदलायच्या गिअरबॉक्ससारखे समांतर दांडे असलेला; म्हणून जुनी सीआर-व्ही ओढता येई. निघण्यापूर्वी इंजिन चालू करून गिअर सगळ्या जागी फिरवायचा, ‘डी’वरून न्यूट्रलला आणायचा आणि इंजिन तीन मिनिटं चालू ठेवायचं. ही पूजा रोज सकाळी हजारो जण करत. २०१५ च्या मॉडेलात सीव्हीटी हा निराळा गिअरबॉक्स आला आणि ती सोय संपली. मोटरहोमवाले २०१४ पर्यंतच्या गाड्या शोधत राहिले.

ब्रेकचा प्रश्न तांड्यांच्या काळचाच. दीड टनाची मोटार उतारावर मागून ढकलते, आणि अमेरिकेतली अनेक राज्यं तीन हजार पौंडांपुढच्या ओढलेल्या वाहनाला स्वतःचे ब्रेक मागतात. मोटारीला ब्रेक असतात, ते दाबायला पाय नसतो. तो पाय पुरवणारी पेटी चालकाच्या सीटसमोर ठेवतात. वेग कमी होताना बसणारा हिसका तिला कळतो आणि ती तेवढ्या जोरानं पेडल दाबते. मोठ्या डिझेल घरांत हवेचे ब्रेक असतात, तिथे हवेची नळीच मागे नेतात. शिवाय दोन साखळ्या किंवा पोलादी दोर, बारखाली फुलीसारखे टाकलेले, म्हणजे जोड सुटलीच तर बारचं टोक रस्त्यात रुतण्याआधी त्यांवर पडेल. आणि एक बारीक तार, जी मोटार सुटून तुटली की मोटारीचे ब्रेक लावते. या गोष्टींवर पैसे वाचवणाऱ्यानं महागडा बार घेतला तरी उपयोग नाही.

विजेच्या मोटारींनी आता प्रश्न बदलला आहे. तिथे बहुतेकदा मोटर कायम चाकांना जोडलेली असते, न्यूट्रल नावाची यांत्रिक फारकत नसते. कायमचुंबकाची मोटर ओढत नेली की ती जनित्र होते आणि वीज जायला जागा नसेल तर यंत्रणा तापते. टेस्लाच्या पुस्तिकेत चाकं जमिनीला न टेकवता न्या असं बजावलेलं आहे. म्हणजे ट्रेलर. तो हजार किलोंचा ट्रेलर परवडत नसलेले काही जण मोटरहोमच्या मागच्या रॅकला दोन विजेच्या सायकली अडकवतात आणि भाजीला त्यांवरून जातात.